लाइट गेली की पाइप का फुटतो? आणि बाकीचे पाइप-प्रश्न

मागच्या अंकात पाइप, नळ्या, होज यांच्याबद्दल काय विचारायचं ते विचारा असं लिहिलं होतं, तर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलंय की सगळ्यांना जागा देणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (बार्शी तालुका): विहिरीवरून वरच्या रानात ११० मिमीची चार किलोची पीव्हीसी लाइन नेलीय, साधारण १,८०० फूट, चढ ९० फुटांचा. मोटर चालू असताना काही होत नाही पण लाइट गेली की विहिरीजवळच्या टप्प्यात कुठेतरी फुटतेच. दुकानदार म्हणतो पाइप चांगलाय, तुमचं नशीब खराब.

उत्तर: नशिबाचा काही संबंध नाही, आणि पाइप खराब असेलच असंही नाही. आधी हिशोब करू. १० मीटर उभं पाणी म्हणजे साधारण १ किलो दाब, पाइपवर जो 'किलो' छापलेला असतो तोच हा, चौरस सेंटिमीटरवरचा. तुमचा चढ ९० फूट म्हणजे २७ मीटर, म्हणजे मोटर बंद असली तरी नुसत्या उभ्या पाण्याचा पावणेतीन किलो दाब खालच्या टप्प्यावर कायम बसलेला असतो. चार किलोच्या पाइपला एवढं चालतं. पण लाइट जाते तेव्हा पंप एकदम थांबतो, लाइनमधलं पाणी आधीच्या जोरात थोडं वर सरकतं, मग उलटं फिरून खाली येतं आणि एनआरव्हीवर (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नाहीतर विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हवर आदळतं. तुमच्या लाइनमध्ये साडेचार टनांच्या वर पाणी आहे, ते आदळतंय हे लक्षात घ्या. सेकंदाला १ मीटर वेगाने चाललेलं पाणी झटक्यात थांबलं तर पीव्हीसी लाइनमध्ये अडीच ते चार किलो दाब वरून वाढतो (लोखंडी पाइपात तर बारा किलोच्या आसपास, कारण पीव्हीसीची भिंत जरा फुगून धक्का खाते, लोखंड फारसं फुगत नाही). पावणेतीनात अडीच मिळवा, सव्वापाच झाले, आणि पाइप आहे चारचा.

मग पहिल्याच दिवशी का नाही फुटला? कारण चार किलो हा आकडा वर्षानुवर्षं सतत दाब सोसायचा आहे, थोड्या वेळापुरता नवा पाइप त्याच्या कितीतरी जास्त सोसतो. पण दिवसातून दोन-तीनदा असा हातोडा बसत राहिला की जिथे ओरखडा आहे, जिथे खाली दगडाचं टोक लागलंय, जिथे सोल्युशन अर्धवट लागलंय तिथे एक दिवस सुटतंच. आणि विहिरीजवळच का, तर सगळ्यात खालचा टप्पा तोच, उभा दाब आणि धक्का दोन्ही तिथेच जास्त.

सगळी लाइन बदलू नका, खालचा तिसरा हिस्सा सहा किलोचा टाका, वर चार किलोचा राहू द्या. एनआरव्ही स्प्रिंगवाला घ्या, म्हणजे पाणी उलटा जोर धरायच्या आत तो बंद होतो. चढावर जिथे जिथे लाइनला कुबड आलंय तिथे एअर व्हॉल्व्ह बसवा, तो हवा बाहेर सोडतो आणि पाणी मागे फिरल्यावर हवा आतही घेतो, नाहीतर आत पोकळी होऊन चार किलोचा पातळ पाइप चपटा होतो, हेही पुष्कळ ठिकाणी झालेलं आहे. हवा काढायची ही काळजी नवी नाही, कात्रजच्या तळ्याचं पाणी शनिवारवाड्याकडे आणणाऱ्या पेशवेकाळातल्या नळावर मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे हवेच्या वाटा, बांधलेले होते ते याचसाठी.

आणि बेंड. यावर कुणी खर्च करत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ११० मिमी पाइपात चार किलो दाब असताना काटकोनी बेंडवर बाहेरच्या बाजूला पाच क्विंटलच्या वर जोर येतो, नुसत्या मातीवर तो बेंड किती दिवस दम धरणार, त्यातून तुमची काळी जमीन, उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात फुगणार. बेंडच्या पाठीमागे काँक्रीटचा ठोकळा टाका. चर अडीच-तीन फूट खोल, पाइपच्या खालीवर चाळलेली माती, दगड-ढेकळं सगळ्यात वर. एवढं केलंत की बघा काय होतं.

प्रश्न (पुणे): आमच्या जुन्या बिल्डिंगमधली गंजलेली अर्ध्या इंचाची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन काढून अर्ध्या इंचाचीच सीपीव्हीसी (पीव्हीसीचाच गरम पाण्याला चालणारा प्रकार) टाकली. पाणी स्वच्छ येतं पण प्रेशर कमी झालं. प्लंबर म्हणतो टाकीचा प्रॉब्लेम आहे.

उत्तर: टाकीला कशाला मधे घेताय, वर्नियर कॅलिपर लावून बघा. अर्ध्या इंचाच्या जीआय पाइपचं बाहेरचं माप असतं २१.३ मिमी आणि मीडियम क्लासच्या पाइपात आतलं भोक १६ मिमीच्या आसपास. सीपीव्हीसीचं अर्धा इंच हे तांब्याच्या नळीच्या मापावरून आलेलं आहे, त्याचं बाहेरचं मापच १५.९ मिमी, आणि आत राहतात साडेबारा-तेरा मिमी. म्हणजे जीआयच्या आतून सीपीव्हीसी जवळजवळ सरकून जाईल! पाणी जायची जागा साठ-पासष्ट टक्क्यांवर आली. वर प्रत्येक एल्बोमध्ये अजून अडथळा. मेन लाइन पाऊण इंची करून घ्या, नळापाशी फक्त अर्धा इंच ठेवा.

बाकी जीआय अर्धा इंच म्हणतात आणि कुठूनच अर्धा इंच भरत नाही, याचं कारण जुनं आहे. पूर्वी भिंती जाड होत्या, भोक खरंच अर्ध्या इंचाच्या जवळपास होतं, पुढे पोलाद सुधारलं, भिंत पातळ केली, पण बाहेरचं माप बदललं असतं तर आधीच्या सगळ्या फिटिंगचे आटे वाया गेले असते म्हणून ते तसंच ठेवलं. शेतीच्या पीव्हीसीत उलट, तिथे छापलेलं माप बाहेरचं असतं, ६३ ला आपण दोन इंची म्हणतो, ७५ ला अडीच, ९० ला तीन.

आणि जीआय पहिल्यांदा कुठे गळतो ते तुमच्या काढलेल्या पाइपांवर बघा, आट्यापाशीच. पाइप वितळलेल्या जस्तात, साडेचारशे डिग्रीच्या आसपास, बुडवून काढलेला असतो, आणि प्लंबर डाय फिरवून आटे पाडतो तेव्हा तिथलं जस्तच तासून काढतो. मग धागा आणि सफेदा कितीही लावा.

प्रश्न (डोंबिवली): गॅसची केशरी नळी वरून चांगली दिसते, तरी बदलायची का?

उत्तर: पाच वर्षं झाली असतील तर हो, दिसायला कशीही असो. तारीख नळीवर छापलेली असते. आतला थर गॅसला टिकणाऱ्या रबराचा असतो, साधं रबर एलपीजीत फुगतं आणि मऊ पडतं, त्यावर स्टीलच्या तारेचं जाळं, त्यावर केशरी आवरण. उंदराने वरचं कुरतडलं तरी तारेपाशी थांबतो. नळी ओट्याच्या भोकातून ओढून घेऊ नका, वरून कापड किंवा प्लास्टिक गुंडाळू नका (चीर पडली तर दिसणार कशी?), दोन नळ्या जोडून लांब करणं तर अजिबात नको. दीड मीटरच्या आत बसवा. गळती बघायची साबणाच्या पाण्याने, काडी ओढून नाही, हे अजून सांगावं लागतं म्हणून सांगतो.

प्रश्न (नाशिक, पॉलिटेक्निकचा विद्यार्थी): सीमलेस पाइपला जोड नसतो म्हणतात. मग भोक पाडतात कसं, ड्रिलने?

उत्तर: मस्त प्रश्न. सहा-सात मीटरच्या पोलादी बारमधून ड्रिल काढत बसलं तर निम्मं पोलाद चुऱ्यात जाईल. साधा पाइप, म्हणजे ईआरडब्ल्यू, पोलादाची पट्टी रोलरमधून हळूहळू गोल वळवून बनतो आणि दोन्ही कडा विजेच्या प्रवाहाने तापवून एकमेकांवर दाबून चिकटवतात, हाताने आतून चाचपलं तर कधी कधी ती शिवण लागते. सीमलेसची गंमत वेगळी आहे. १८८५ मध्ये जर्मनीत रेमशाइडच्या मानेसमान बंधूंनी पेटंट घेतलं. लालभडक तापलेला, साधारण बाराशे डिग्रीचा भरीव बार दोन तिरप्या रोलरच्या मधे घालायचा, दोन्ही रोलर एकाच दिशेने फिरतात त्यामुळे बार उलट फिरत फिरत पुढेही सरकतो. रोलर त्याला दोन बाजूंनी दाबतात, प्रत्येक फेऱ्यात दाबाची जागा बदलते, आणि मधला गाभा सगळीकडून ताणला जाऊन आपोआप उकलायला लागतो. घट्ट मळलेल्या शाडूची वळी दोन फळ्यांमधे दाबून बराच वेळ फिरवा आणि मधोमध कापून बघा, गाभ्यात भेग दिसेल, तेच. बरोबर त्या जागी समोरून एक टोकदार प्लग धरलेला असतो, तो उकलणाऱ्या गाभ्याला नीट गोल भोकाचा आकार देतो. म्हणजे प्लगने भोक पाडायच्या आधीच पोलाद तिथे सुटायला तयार झालेलं असतं. नंतर आत मँड्रेल, म्हणजे गोल दांडा, घालून लांब आणि पातळ करत नेतात.

आपल्याकडे बारामतीला आणि रायगडात नागोठण्याच्या बाजूला सीमलेस नळ्यांचे कारखाने आहेत, कॉलेजतर्फे इंडस्ट्रियल व्हिजिट मिळत असेल तर सोडू नका, पियर्सिंग मिल (हेच तिरप्या रोलरचं यंत्र) चालू असताना समोर उभं राहून बघण्यासारखी मजा दुसरी नाही.

प्रश्न (सांगली, नर्स): सलाइनची नळी पण पीव्हीसी आणि बोअरची केसिंग पण पीव्हीसी असं वाचलं. एक इतकी मऊ, एक इतकी टणक, हे कसं?

उत्तर: दोन्ही पीव्हीसीच, ताई. फरक प्लॅस्टिसायझरचा. पीव्हीसीची पावडर मुळात टणकच होते, त्यात तेलकट द्रव मिसळला की पीव्हीसीच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींवरून सरकायला लागतात आणि माल मऊ होतो. सलाइनच्या नळीत वजनाच्या तीस-चाळीस टक्के हा द्रवच असतो. मात्र तो रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता मिसळलेला, त्यामुळे हळूहळू बाहेर येतो. बागेतला पाण्याचा पाइप दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतो तो म्हणूनच. रक्ताच्या पिशवीतही हेच होतं, डीईएचपी नावाचा प्लॅस्टिसायझर थोडा थोडा रक्तात उतरतो, त्यावर आक्षेप आहेत आणि नवजात बाळांच्या बाबतीत त्याची काळजी घेतात, पण गंमत अशी की हाच डीईएचपी साठवलेल्या रक्तातल्या लाल पेशींना टिकायला मदत करतो, त्यामुळे ब्लड बँकांना तो एकदम सोडता आला नाही.

प्रश्न (चिपळूण): माझं पोकलेन आहे. होज नेहमी फिटिंगपाशीच का जातो, मधे का नाही? आणि टू-वायर (तारेचे दोन थर) घ्यायचा का फोर (चार थर)?

उत्तर: होज हातात घेऊन नीट बघा, वरच्या रबरावर कापडाची वीण उमटलेली दिसेल. होज बनवताना आत नायट्रिल रबराची नळी, त्यावर पोलादी तारेची वेणी, वर बाहेरचं रबर, आणि मग सगळ्याला नायलॉनची ओली पट्टी घट्ट गुंडाळून वाफेच्या मोठ्या भांड्यात दीडशे डिग्रीच्या आसपास शिजवतात. शिजल्यावर पट्टी काढून टाकतात, ठसा राहतो. तार पिवळसर दिसते कारण तिच्यावर पितळेचा पातळ मुलामा असतो, रबरातलं गंधक पितळेला धरतं, नुसत्या पोलादाला तसं धरत नाही.

आता वेणी कशी घातलीय ते महत्त्वाचं. दाबाखाली नळी आडवी जेवढी ताणली जाते त्याच्या निम्मीच उभी ताणली जाते, म्हणून तारेचा कोन होजच्या लांबीशी सुमारे ५४.७ अंशांचा ठेवतात. त्या कोनात होज फुगतही नाही, लांब-आखूडही होत नाही. पण हे कागदावर. प्रत्यक्षात कोन थोडा इकडेतिकडे असतोच, दाब आला की होज दोन-चार टक्के आखडू शकतो, आणि तुम्ही तो अगदी मापात ताणून बसवलेला असेल तर तो सगळा ओढा फिटिंगवर येतो. दुसरं कारण, फिटिंगमधून बाहेर पडल्या पडल्या दिलेला वाक. अर्धा इंची टू-वायर होजला वाकायला किमान १८ सेंटिमीटरची त्रिज्या लागते, आणि फिटिंगपासून थोडं अंतर सरळ गेल्यावरच वाक सुरू व्हायला पाहिजे. तिसरं म्हणजे पीळ, नट आवळताना होज पिरगळतो, त्यावर छापलेली रेघ सरळ राहिलीय का बघत आवळा.

टू-वायर की फोर ते मशीनचं प्रेशर ठरवतं. फोर-स्पायरल जास्त प्रेशर आणि धक्के सोसतो पण कडक असतो, जिथे जागा कमी आणि वाक जास्त तिथे तो लावलात तर फिटिंगपाशी अजून लवकर जाईल. आणि कृपा करून बारीक गळती हाताने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल ग्लव्हजमधून कातडीत शिरतं, बाहेर फक्त ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट काढायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. शिरलंच तर मलम न लावता थेट मोठ्या हॉस्पिटलात, आणि हायड्रॉलिक तेल शिरलंय असं स्पष्ट सांगा.

प्रश्न (इंदापूर): टायर पेटवून पाइपाला सॉकेट (दुसरा पाइप आत बसेल असं रुंद तोंड) पाडतो, जोड घट्ट बसतो. यात चूक काय? आणि हलका पाइप घ्यायचा का जड?

उत्तर: कल्पना चुकीची नाही, कारखान्यातही पाइपाचं टोक तापवून मँड्रेलवर चढवूनच सॉकेट पाडतात. पण तिथे टोक सगळीकडून सारखं आणि मोजून तापवलेलं असतं. पीव्हीसी ऐंशीच्या आसपासच मऊ पडायला लागतो, जाळाचं तापमान त्याच्या कैक पट, एका बाजूला करपतो आणि दुसऱ्या बाजूला अजून कडकच असतो. करपला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, तो तुम्ही छातीत ओढताय, वर टायरचा धूर वेगळाच. ताणलेली बाजू पातळ होते आणि पुढे तिथेच चिरते. कॉलर किंवा कपलर फार महाग नाही हो. सोल्युशनबद्दलही एक, ते डिंकासारखं नाही, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, म्हणून पाइप कोरडा आणि पुसलेला हवा आणि लगेच मोटर चालू करायची नाही.

जड म्हणजे चांगला, हे तर अगदी उलटं असू शकतं. स्वस्त करायला पाइपात खडूची पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरमसाट घालतात. थोडी सगळेच घालतात, त्यात गैर काही नाही. पीव्हीसीची घनता १.४ च्या आसपास, खडूची २.७, म्हणजे जेवढा खडू जास्त तेवढा पाइप जड. एक तुकडा सोनाराच्या काट्यावर तोला, मग पाण्याने काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवा, सांडलेलं पाणी तोला, पहिल्याला दुसऱ्याने भागा. आकडा दीडच्या पुढे गेला तर दुकानदाराला विचारा आत काय भरलंय. चाकूने कड तासून बघितली तरी कळतं, चांगल्या पाइपाचा सलग कीस निघतो, खडूवाल्याचा भुगा पडतो.

प्रश्न (यावल): ठिबकची नळी काळीच का? आणि ड्रिपर आतून चिकटवतात कशाने?

उत्तर: काळी कारण काजळी, कार्बन ब्लॅक, दोन-अडीच टक्के मिसळलेली असते, ती ऊन अडवते, आणि आत उजेड न गेल्याने शेवाळ धरत नाही. ड्रिपर कशानेच चिकटवत नाहीत. एक्स्ट्रूडरमधून (वितळलेलं प्लास्टिक साच्यातून ढकलणारं यंत्र) वितळलेली नळी बाहेर पडत असतानाच आतून एकेक ड्रिपर ठरलेल्या अंतरावर पुढे सोडतात, तोही पॉलिथिलीनचाच, गरम भिंतीला टेकला की एकजीव होतो, पुढे नळी पाण्यात गार होते आणि मग मशीन ड्रिपरची जागा ओळखून बरोबर तिथे भोक पाडतं. जुनी १६ मिमीची नळी उभी चिरून बघा, ड्रिपरवर दातेरी नागमोडी वाट दिसेल. त्या वळणांत पाणी आपटत आपटत जातं, दाब मरतो, आणि भोकातून तासाला दोन नाहीतर चार लिटर एवढंच थेंबथेंब पडतं. ही वाट मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, म्हणून फिल्टर. तुम्ही लिहिलंय की फिल्टर काढून ठेवलाय कारण तो सारखा चोंदतो, तर तो चोंदतोय म्हणजे काम करतोय, आजच परत लावा.

प्रश्न (कोल्हापूर): पीव्हीसी पाइपात शिसं असतं म्हणतात, पिण्याच्या पाण्याला चालतो का?

उत्तर: पीव्हीसी नुसता तापवला तर करपतो, म्हणून स्टॅबिलायझर घालावाच लागतो, आणि स्वस्त आणि मस्त म्हणून वर्षानुवर्षं शिशाचे क्षार घालत होते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पाइप आणि फिटिंगमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरविरुद्ध नियम काढले, आता कॅल्शियम-झिंकचे वगैरे वापरतात. पिण्यासाठी नवा घेताना आयएसआयच्या शिक्क्याबरोबर आयएस ४९८५ (पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचं मानक) छापलंय का बघा आणि तो शिसेविरहित आहे हे बिलावर लिहून मागा. घरात जुना पाइप असेल तर सकाळी रात्रभर साचलेलं पाणी आधी सोडा, ते झाडांना नको असेल तर फरशी पुसायला घ्या, आणि मग हंडा भरा.